४० मीटरच्या किटचं ट्यूनिंग रुंद करायचं की नाही, आणि आधी कुठला फिल्टर तपासायचा

हडपसरच्या एका नव्या हॅमनं (हौशी रेडिओवाल्यानं) विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "४० मीटरचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या एकाच बँडचा एसएसबी (एकाच साईडबँडवर बोलण्याचा) किट जोडला. आयएफ (सेटमधली मधली वारंवारता) १२ मेगाहर्ट्झ, चार क्रिस्टलचा फिल्टर, व्हॅरॅक्टरवर (व्होल्टेजनं कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडवर) चालणारा व्हीएफओ आणि साधा एका फेऱ्याचा पॉट (फिरवायचा रोध). सेट ७.०३० ते ७.१२० मेगाहर्ट्झ एवढाच फिरतो, मला ७.००० ते ७.२०० पूर्ण हवाय. आवाज कोंदट येतो, शेजारची स्टेशनं मिसळतात, संध्याकाळी परदेशी रेडिओ केंद्रं घुसतात आणि मागे बारीक आवाजात मराठी बातम्या चालू असतात. आठ क्रिस्टलचा फिल्टर लावू का? की सरळ एसआय५३५१ ही वारंवारता तयार करणारी चिप बसवून मोकळा होऊ?"

किट जोडून तो बोलायला लागला, म्हणजे अवघड भाग तुम्ही पार केलाय. आता उरलेल्या तक्रारी एकाच जागेच्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. ट्यूनिंगची रुंदी व्हीएफओकडे, म्हणजे डायलनं वारंवारता बदलणाऱ्या ऑसिलेटरकडे आहे. कोंदटपणा आणि शेजारी मिसळणं हे बहुतेक बीएफओ (आयएफमधून आवाज परत काढायला मदत करणारा ठरावीक ऑसिलेटर) चुकीच्या जागी असल्याचं लक्षण आहे. संध्याकाळची केंद्रं पुढच्या बँडपास फिल्टरशी आणि मिक्सरशी (दोन वारंवारता मिसळणाऱ्या भागाशी) संबंधित आहेत. बातम्यांचा मामला तर पूर्ण वेगळा आहे. आठ क्रिस्टल लावले तर यातलं जवळजवळ काहीच सुटणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्हाला मोर्सही करायचंय का, अँटेना गच्चीवर आहे की बाल्कनीत, हाताशी फ्रिक्वेन्सी काउंटर आहे का, यावर माझं उत्तर थोडं बदलेल. मी असं धरून चालतो की तुम्ही मुख्यतः बोलणार आहात, सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हॅम जमतात त्या वारंवारतेवर) हजेरी लावणार आहात, आणि हाताशी मल्टीमीटर, स्मार्टफोन व एक डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) आहे.

आधी रुंदी. किट बनवणाऱ्यानं ७.१२० ला का थांबवलं असेल? आपल्याकडच्या जुन्या सर्किटांमध्ये ७.००० ते ७.१०० हीच मजल असायची, कारण वरच्या ७.१०० ते ७.२०० मध्ये प्रसारण केंद्रं बसलेली होती. २००९ च्या मार्चअखेर ती तिथून हलवण्याचं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं होतं, तेव्हापासून तो भाग हॅमना नीट वापरता येऊ लागला. पण सर्किटं तीच पुढे चालत राहिली. म्हणजे वरच्या बाजूला वाढवायची तुमची इच्छा रास्त आहे. खालच्या बाजूला मात्र थांबा. ४० मीटरवर आपण लोअर साईडबँड, म्हणजे डायलच्या आकड्याच्या खालची बाजू वापरतो. डायल ७.००० वर ठेवून माइक दाबलात तर तुमचा आवाज ६.९९७ ते ७.००० मध्ये, म्हणजे बँडच्या बाहेर जातो. शिवाय खालचा पट्टा प्रथेनं मोर्सवाल्यांचा, आणि ७.०७४ च्या आसपास एफटी८ या डिजिटल पद्धतीची सततची शिट्ट्यांची जत्रा. बोलण्यासाठी तुम्हाला खरी गरज आहे ती साधारण ७.०४० ते ७.१९५ ची.

आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता, तो: डायल एक अंश फिरला की वारंवारता किती सरकते? एका फेऱ्याचा पॉट सुमारे ३०० अंश फिरतो. त्यावर २०० किलोहर्ट्झ बसवले तर एका अंशाला ६६७ हर्ट्झ. एसएसबीत माणसाचा आवाज माणसासारखा लागायला साधारण ५० हर्ट्झच्या आत यावं लागतं. तुमच्या बोटांना एका अंशाच्या तेराव्या हिश्शात थांबता येईल का? आज ९० किलोहर्ट्झवरसुद्धा अंशाला ३०० हर्ट्झ पडतात आणि तुम्हाला स्टेशन पकडताना त्रास होतच असणार. तोच पॉट ठेवून रुंदी दुप्पट केली तर सेट वापरणंच नकोसं होईल. दहा फेऱ्यांचा पॉट लावला तर २०० किलोहर्ट्झला अंशामागे ५६ हर्ट्झ येतात, १०० किलोहर्ट्झला २८. म्हणून मी नेहमी सांगतो, आधी पॉट बदला, मग रुंदीचं बोला.

रुंदीचं गणित सोपं आहे. १२ मधून व्हीएफओ वजा, म्हणजे ७.००० साठी ५.००० आणि ७.२०० साठी ४.८०० मेगाहर्ट्झ. वारंवारता ४ टक्क्यांच्या आसपास हलवायची तर कॉइलला जोडलेल्या एकूण कपॅसिटन्समध्ये त्याच्या दुपटीनं, सुमारे साडेआठ टक्के फरक लागतो. समजा टँकमध्ये (कॉइल आणि कपॅसिटरच्या जोडीत) एकूण २५० पीएफ आहेत, तर तुमच्या आजच्या ९० किलोहर्ट्झला साधारण ९ पीएफचा खेळ पुरतोय, पूर्ण २०० ला २१ लागतील. तो मिळवायला व्हॅरॅक्टरला जोडणारा छोटा कपॅसिटर मोठा करावा लागतो. तसं केलं की व्हॅरॅक्टरचे सगळे दोष टँकमध्ये त्याच प्रमाणात वाढतात: तापमानाचं सरकणं, पॉटच्या ट्रॅकची खरखर, आणि डायलच्या एका टोकाला सगळी स्टेशनं दाटीवाटीनं बसणं.

माझ्या सेटमध्ये मी एक टॉगल स्विच लावून दोन भाग केलेत. स्विच एका बाजूला असताना ७.०३० ते ७.१२०, दुसऱ्या बाजूला तेवढीच रुंदी वर सरकून साधारण ७.१०५ ते ७.१९५. स्विच फक्त एक चांगला ठरावीक कपॅसिटर टँकला समांतर जोडतो किंवा सोडतो. तो जोडला की व्हीएफओ खाली येतो आणि सेट वर जातो. २५० पीएफच्या हिशेबानं यासाठी ८ पीएफच्या आसपास लागतात, नेमका आकडा लावून बघूनच ठरतो. स्विचच्या तारा अगदी आखूड ठेवा, नाहीतर सेटला टपली मारली तरी स्टेशन हलेल. व्हॅरॅक्टरचा वाटा वाढत नाही, डायल तेवढाच निवांत राहतो.

कपॅसिटर मात्र निवडून घ्या. टँकच्या कपॅसिटन्समध्ये तापमानाच्या एका अंशाला दहा हजारात एक इतका फरक पडला तरी ५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ २५० हर्ट्झ सरकतो. माझा पहिला सेट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत होता. एप्रिलच्या दुपारी सुरू केला की वीस मिनिटांत जवळजवळ दोन किलोहर्ट्झ खाली जायचा, समोरच्याचा आवाज हळूहळू बदकासारखा व्हायचा. शेवटी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेका भागाला टेकवत गेलो. स्पिरिट उडताना तो भाग गार होतो आणि दोषी असेल तर सूर लगेच बदलतो. कॉइलला लावलं, किंचित हलला. स्टायरोफ्लेक्स कपॅसिटरला लावलं, उलट्या दिशेनं किंचित. एका तपकिरी डिस्कला काडी लागताच सूर जिना उतरल्यासारखा पळाला. एनपीओ (तापमानानं जवळजवळ न बदलणाऱ्या) डिस्कच्या डोक्यावर काळा पट्टा असतो, या डिस्कवर तो नव्हता. एक कपॅसिटर बदलला आणि सेट शहाणा झाला. तुम्हीही हा प्रयोग करा, पण स्पिरिट वापरताना सोल्डरिंग गन बंद आणि खिडकी उघडी.

७.२०० च्या टोकाला आणखी एक अडचण तुम्हाला भेटेल. ४.८ ची पाचपट २४, आणि १२ ची दुप्पटही २४. व्हीएफओची पाचवी हार्मोनिक आणि बीएफओची दुसरी तिथे एकमेकींना भेटतात, आणि ७.२०० च्या अगदी जवळ सेट स्वतःच शिट्टी घालतो. हिची खूण पक्की आहे. डायल १०० हर्ट्झ हलवा, शिट्टीचा सूर ५०० हर्ट्झनं पळतो. खरं स्टेशन असं पळत नाही. ती घालवण्यात महिने घालवू नका. सेट ७.१९५ ला संपला तर ती वाटेतच येत नाही. आपल्या आवडत्या अशर फरहानांनी रचलेल्या बिटएक्स४० या सेटमध्येही आयएफ १२ आणि व्हीएफओ ५ च्या खालीच असल्यामुळे हेच गणित लागू पडतं.

एसआय५३५१ बद्दल माझं मत अनुकूल आहे, फक्त कारण योग्य असू द्या. तो क्रिस्टलवर बांधलेला असल्यामुळे उन्हाळा-हिवाळा जागेवर राहतो, पूर्ण बँड दहा-दहा हर्ट्झच्या पायऱ्यांनी देतो. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या वारंवारतेवर नेटला जाणाऱ्याला ही मोठी सोय आहे. पण त्याचं आउटपुट चौकोनी लाटेचं असतं, हार्मोनिक्सनी भरलेलं, आणि डिस्प्ले व मायक्रोकंट्रोलरची खरखर वेगळ्या पत्र्याच्या डब्यात कोंडावी लागते. प्रोग्राममध्ये ७.००३ च्या खाली आणि ७.२०० च्या वर ट्रान्समिट बंद ठेवणारी ओळ आधी लिहा. आज तुमच्या अपुऱ्या रुंदीनंच तुम्हाला बँडबाहेर जाण्यापासून वाचवलंय, ते कुंपण काढताना दुसरं घालायला हवं. आणि व्हीएफओ ५ ऐवजी १९ मेगाहर्ट्झला ठेवायचा मोह झाला तर एक ध्यानात ठेवा: तिथे साईडबँड उलटतो.

उलटण्याचं महत्त्व कळायला क्रिस्टल फिल्टरचा स्वभाव माहीत हवा. सारखे क्रिस्टल ओळीनं लावून, मध्ये कपॅसिटर जमिनीला देऊन जो शिडीसारखा फिल्टर होतो, त्याचा उतार दोन्ही बाजूंना सारखा नसतो. वरच्या बाजूला कडा सरळ तुटते, खालची बाजू रेंगाळत उतरते, कारण प्रत्येक क्रिस्टलचा समांतर अनुनाद त्याच्या मालिका अनुनादाच्या थोडासाच वर असतो. तुमच्या किटमध्ये ७ अधिक ५ बरोबर १२, बेरीज आहे, म्हणून लोअर साईडबँड १२ वरही लोअरच राहतो आणि बीएफओची जागा फिल्टरच्या वरच्या कडेबाहेर येते. नेमकी जिथे भिंत उभी आहे तिथे. ही मांडणी ४० मीटरला फार छान जमते. १९ चा व्हीएफओ घेतलात तर बीएफओला खालच्या आळशी उतारावर बसावं लागतं.

आता तुमचा कोंदट आवाज. माझा संशय असा की बीएफओ बाहेर बसण्याऐवजी फिल्टरच्या आत शिरलाय. तसं झालं की आवाजातला जाड भाग जास्त येतो, वरचा स्पष्टपणा कापला जातो आणि दुसऱ्या बाजूचा साईडबँडही गळून आत येतो. 'शेजारी मिसळतात' ती हीच गळती. म्हणजे तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एक असू शकतं, आणि उपाय बीएफओच्या एका ट्रिमरवर (स्क्रूनं फिरवायच्या छोट्या कपॅसिटरवर).

तपासायला महागडं यंत्र नको. अँटेना काढा, त्या जागी ५० ओहमचा रोध लावा. हेडफोनच्या जॅकमधून अगदी कमी आवाजात लॅपटॉपच्या माइकला ओळ द्या. फोन स्पीकरसमोर धरूनही चालेल, पण छोट्या स्पीकरला ३०० हर्ट्झच्या खालचं नीट वाजवता येत नाही, म्हणून तारेनं केलेलं बरं. कुठलंही ऑडिओ स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप उघडा. सेटची जी फुसफुस आहे तीच तुमच्या फिल्टरचा आकार काढून दाखवते. टेकडी ३०० च्या आसपास चढून २६००-२७०० ला उतरली तर बीएफओ जागेवर आहे. शून्यापासूनच भरलेली असेल आणि २००० लाच संपत असेल तर तो आत आहे. ट्रिमरची क्षमता थोडी कमी करा, बीएफओ वर सरकतो आणि पडद्यावर अख्खी टेकडी उजवीकडे जाताना दिसते. प्लॅस्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरनं, केसभर केसभर फिरवा. मग एखादं जोरकस रेडिओ केंद्र लावून त्याच्या शून्य सुरातून पलीकडे जा. बरोबर जमलं असेल तर एका बाजूला शिट्टी खणखणीत आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शांतता. दोन्हीकडे सारखी ऐकू आली तर अजून काम बाकी आहे. ट्रान्समिटमध्येही याचाच फायदा मिळतो: कॅरियर (नको असलेली मूळ वाहक लहर) आणखी दबतो, कारण बीएफओ भिंतीच्या पायथ्याशी गेलेला असतो.

टेकडी योग्य जागी असूनही अरुंद निघाली, किंवा मध्ये खड्डे दिसले, तर मग फिल्टरकडे वळा. खड्डे बहुधा दोन्ही टोकांच्या चुकीच्या जोडणीमुळे पडतात. फिल्टरला हवा असलेला रोध आणि आजूबाजूच्या अ‍ॅम्प्लिफायरचा रोध जुळला नाही की माथा वाकडातिकडा होतो. आणि रुंदी? मधले कपॅसिटर मोठे केले की फिल्टर अरुंद होतो, लहान केले की रुंद. एक चूक बऱ्याच जणांकडून होते: उंच डब्याच्या क्रिस्टलसाठी काढलेल्या फिल्टरमध्ये बुटके क्रिस्टल बसवतात. दोन्हीवर १२ मेगाहर्ट्झच लिहिलेलं असतं, पण बुटक्याच्या आतला क्वार्ट्झ वेगळा वागतो आणि तेच कपॅसिटर ठेवले तर फिल्टर अरुंद होतो. तुमच्या किटमध्ये कुठले आहेत ते आधी बघा.

आठ क्रिस्टलचा फिल्टर मी एकदा केलाय. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकाच पट्टीतले पंचवीस क्रिस्टल आणले. एक साधा ऑसिलेटर आणि सॉकेट लावून एकेक मोजत बसलो. बोटांनी डबा धरला की काउंटरवरचे शेवटचे आकडे घसरत राहतात. म्हणून प्रत्येक क्रिस्टल चिमट्यानं घालायचा, दोन मिनिटं हात लांब ठेवायचा, मग आकडा लिहायचा. अख्खी संध्याकाळ गेली. एसएसबीला क्रिस्टलमधला फरक फिल्टरच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवा, म्हणजे अडीचशे हर्ट्झच्या आत. पंचवीसमधून असे आठ निघाले. फिल्टर लावला, आणि पलीकडचा गोंगाट तसाच, कारण सिग्नल फिल्टरमधून न जाता पीसीबीवरून, आजूबाजूनं उडी मारत होता. मध्ये पत्र्याच्या भिंती सोल्डर केल्यावरच आठ क्रिस्टलचं चीज झालं. फायदा नक्की आहे, पण चार क्रिस्टल नीट बसवलेल्या सेटच्या मानानं थोडाच, आणि नुकसानही वाढतं, ते भरून काढायला आणखी गेन लागतो. मोर्ससाठी अरुंद हवं असेल तर आधी ७०० हर्ट्झचा ऑडिओ फिल्टर लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

संध्याकाळची केंद्रं. दिवसा आयनोस्फियरचा डी थर ७ मेगाहर्ट्झच्या लांबच्या लहरी शोषतो, सूर्यास्तानंतर तो विरतो आणि ७.२०० च्या वरची प्रसारण केंद्रं प्रचंड जोरात येतात. तुमचा बँडपास फिल्टर ती थांबवू शकत नाही. ७.१५० ऐकताना ७.२५० दाबणं हे कॉइल-कपॅसिटरच्या आवाक्यातलं नाही. त्याचं खरं काम दूरच्यांना अडवणं आहे, विशेषतः १७ मेगाहर्ट्झला, कारण १७ वजा ५ हेही १२ च येतं. म्हणून संध्याकाळी अँटेनाच्या वाटेत, फक्त रिसीव्हच्या बाजूला, १० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे रोध) लावा: १०० ओहम जमिनीला, ६८ मालिकेत, पुन्हा १०० जमिनीला. हवी ती स्टेशनं १० डेसिबलनं कमी होतील. घुसखोरी मात्र त्याहून कितीतरी जास्त, तीसेक डेसिबलनं पडली, तर ती मिक्सरमध्ये तयार होत होती हे सिद्ध झालं आणि अटेन्युएटर हाच उपाय. ४० मीटरला संध्याकाळी एवढी संवेदनशीलता लागतच नाही. घुसखोरीही १० डेसिबलनंच कमी झाली तर ते केंद्र खरंच तिथे आहे.

मराठी बातम्या म्हणजे तुमच्याजवळचं आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ. हडपसरला राहता म्हटल्यावर मला नवल वाटलं नाही. डायल कुठेही फिरवला तरी बातम्या तशाच राहतात ना? मग व्हीएफओचा किंवा क्रिस्टलचा संबंध नाही. अँटेना काढल्यावर बंद होतात का बघा. होत असतील तर रिसीव्हच्या वाटेत साधा हायपास लावा: १००० पीएफ मालिकेत, मध्ये १.३ मायक्रोहेन्री जमिनीला, पुन्हा १००० पीएफ मालिकेत. लाल टी५०-२ टोरॉइडवर १६ वेढे दिले की पुरतं. हा ३ मेगाहर्ट्झच्या खालचं कापतो, ७९२ ला सुमारे ३५ डेसिबल दाबतो आणि ७ ला नुकसान जवळजवळ शून्य. अँटेना काढूनही बातम्या चालू राहिल्या तर त्या स्पीकरच्या किंवा माइकच्या तारेतून येताहेत. तारा फेराइटच्या रिंगवर गुंडाळा आणि ऑडिओच्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला १ एनएफ जमिनीला द्या.

एका फिल्टरला मात्र सुधारणा म्हणूनही हात लावू नका, तो म्हणजे फायनलनंतरचा (शेवटच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरनंतरचा) लोपास. ७.२०० ची दुप्पट १४.४००, हॅम बँडच्याही बाहेर. तो फिल्टरच तिला अडवतो. त्याच वेळी हेही समजून घ्या की व्हीएफओची ५ मेगाहर्ट्झची गळती लोपासला दिसतही नाही, ती ७ च्या खाली असल्यामुळे आरामात निघून जाते. तिला बँडपास आणि मिक्सरचा समतोल थोपवतात. म्हणून बँडपासची कॉइल जोर मिळावा म्हणून एकाच जागी ताणून ट्यून करू नका. ७.०५० आणि ७.१९० ला डमी लोडवर पॉवर सारखी यावी, इतपत माथा सपाट ठेवा. सेटची रुंदी वर नेल्यावर हे पुन्हा करावंच लागेल, नाहीतर वरच्या भागात सेट बहिरा आणि मुका दोन्ही वाटेल.

क्रम असा ठेवा. आज हायपास आणि अटेन्युएटर, कारण त्याला तासभर लागतो. मग फुसफुशीचा आलेख आणि बीएफओ. नंतर दहा फेऱ्यांचा पॉट, त्यानंतर दोन भागांचा स्विच, आणि सेट सुरू केल्यापासून तासभर दर पाच मिनिटांनी वारंवारता लिहून ठेवणं. आलेखाचा फोटो आणि ते बारा आकडे पाठवा. बीएफओ किती सरकवायचा आणि टँकमधला कुठला कपॅसिटर आधी तपासायचा, ते मी त्यावरून नेमकं सांगू शकेन. ७३, म्हणजे हॅमांच्या भाषेत शुभेच्छा.